चिमुकल्या, चपळ प्राण्याला गेममधल्या पात्राचं नाव ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे आतापर्यंत एक कुत्री, एक मांजर आणि दोन हॅमस्टर राहिले. चौघांचीही नावं व्हिडिओ गेममधली. त्यामुळे घरात नवं पिल्लू आलं की ओळखीचे लोक आधी मला विचारतात, मग त्यांच्या ओळखीचे विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. गेममधल्या पात्राचं नाव ठेवणं पोरकट वाटेल का?

अजिबात नाही. पॅक-मॅन १९८० साली आला, मारिओ १९८१ साली. तेव्हा ते खेळणाऱ्या मुलांना आज नातवंडं असतील. इतकी वर्षं सोबत असलेल्या पात्राचं नाव आपल्या लाडक्या जिवाला द्यावंसं वाटणं अगदी साहजिक आहे.

शिवाय ही पात्रंही कुणाकडून तरी नाव घेऊनच आली आहेत. मारिओ आधी नुसता ‘जम्पमॅन’ होता. मारिओ बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाले यांच्यावरून त्याला मारिओ हे नाव मिळालं. डाँकी काँग या गेमवरून झालेल्या खटल्यात निन्टेन्डोची बाजू लढवणारे वकील जॉन कर्बी यांच्या सन्मानार्थ त्या गुबगुबीत गुलाबी गोळ्याचं नाव कर्बी ठेवलं. माणसाकडून पात्राकडे आलेलं नाव आता पात्राकडून तुमच्या पिल्लाकडे येतंय, इतकंच.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. पात्राची कीर्ती प्राण्याला ठाऊक नसते. त्याच्यासाठी नाव म्हणजे दिवसातून पन्नास वेळा कानावर पडणारा एक आवाज. तो आवाज त्याच्या कानाला स्पष्ट आणि तुमच्या जिभेला सोपा असायला हवा. पात्राचा विचार त्यानंतर.

२. पिल्लू घरी आलं त्याच दिवशी नाव ठेवावं का?

चार-पाच दिवस थांबा. नव्या घरात पहिले दोन दिवस पिल्लू एकतर कोपऱ्यात दबून बसतं, नाहीतर बावरून सैरावैरा धावतं. त्यातलं काहीच त्याचा खरा स्वभाव नसतं.

माझा पहिला हॅमस्टर आला तेव्हा त्याच्यासाठी ‘सोनिक’ हे नाव मनात पक्कं होतं. तिसऱ्या रात्री दिवा मंद करून त्याच्या पिंजऱ्यापाशी बसलो. तो बिळातून नाक बाहेर काढून आला, वाटीतला एकेक दाणा उचलून गालात कोंबत गेला, आणि पाहता पाहता त्याचं तोंड दुप्पट रुंद झालं. मग ते फुगलेले गाल घेऊन तो नळीतून तुरुतुरु निघाला, कोपऱ्यावर वळला, पुढच्या दोन्ही पंजांनी गाल पुढे ढकलून दाणे रिते केले आणि परत वाटीकडे आला. चक्रव्यूहात फिरून दाणे गिळणारा पॅक-मॅनच समोर होता. ‘सोनिक’ तिथेच मागे पडला.

नाव ठरेपर्यंत ‘पिल्लू’ म्हणा. हा शब्द किती कामाचा आहे ते प्रश्न ९ मध्ये सांगितलं आहे.

३. आमचं पिल्लू क्षणभर स्वस्थ बसत नाही. त्याला कोणती नावं शोभतील?

आधी त्याची चपळाई कशा प्रकारची आहे ते पाहा. सगळी धावपळ सारखी नसते.

सुसाट सुटणाऱ्याला सोनिक हे नाव सगळ्यांना आधी सुचतं. सेगा कंपनीचा हा निळा हेजहॉग १९९१ साली आला आणि वेग हीच त्याची ओळख ठरली. पण मला त्याची दुसरीच एक लकब जास्त आवडते. खेळणाऱ्याने काही न करता नुसतं थांबून राहावं, की सोनिक पडद्यातून आपल्याकडे बघत अधीरपणे पाय आपटू लागतो. फिरायला निघायच्या वेळी दाराशी उभं राहून एकदा दाराकडे, एकदा तुमच्याकडे बघणारं पिल्लू घरात असेल, तर हे नाव त्याचंच. मराठी घरात त्याचं आणखी एक सुख आहे: सोनिकचा ‘सोन्या’ आपोआप होतो.

मोठ्याच्या मागे मागे पळणाऱ्या धाकट्याला टेल्स शोभतं. हा दोन शेपट्यांचा कोल्हा १९९२ साली सोनिकचा सोबती म्हणून आला. त्याचं पूर्ण नाव माइल्स प्रॉवर. भरभर म्हणून बघा, ‘माइल्स पर अवर’ ऐकू येईल. शेपूट हलवताना अख्खं अंग हलवणाऱ्या पिल्लाला याहून चांगलं नाव मला सुचत नाही.

स्वतःभोवती गरगर फिरणाऱ्याला, शेपटीचा पाठलाग करणाऱ्याला क्रॅश म्हणा. क्रॅश बॅन्डिकूट १९९६ सालचा, आणि भोवऱ्यासारखं फिरून समोरचं उधळून लावणं ही त्याची खासियत. ‘बॅन्डिकूट’ हा शब्द मुळात तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून इंग्रजीत गेला, अर्थ ‘डुक्करउंदीर’, म्हणजे आपली घूस. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका वेगळ्याच पिशवीधारी प्राण्याला तो शब्द चिकटला आणि गेममधला क्रॅश हा त्या ऑस्ट्रेलियन बॅन्डिकूटवर बेतलेला आहे.

दिसेल ते तोंडात घालणाऱ्या गोलमटोल जिवासाठी दोन नावं आहेत. एक कर्बी, १९९२ सालचा, जो समोरच्याला गिळून त्याची शक्तीच उचलतो. दुसरा अर्थातच पॅक-मॅन. त्याचं जपानी नाव तोंडाची उघडझाप दाखवणाऱ्या ‘पाकू-पाकू’ या शब्दावरून आलं. आपण ‘बकाबका खातो’ म्हणतो ना, तसंच. बकाबका खाणाऱ्या गिनीपिगला ‘पॅकू’ म्हणून हाक मारून बघा.

जागच्या जागी टुणकन उडणारे प्राणी असतात. गिनीपिग आनंदात आला की लाहीसारखा उडतो, ससा हवेतल्या हवेत अंगाला पीळ देतो. अशांना मारिओ किंवा योशी. योशी १९९० साली आला. लांब जीभ काढून समोरचं ओढून घेणारा हा छोटा डायनोसॉर सारखं तोंड चाटणाऱ्या पिल्लालाही शोभतो. मागच्या पायांनी लाथ झाडणाऱ्या सशिणीला चुन-ली म्हणा. १९९१ सालच्या स्ट्रीट फायटर २ मधली ही लढवय्यी तिच्या विजेसारख्या लाथांसाठीच ओळखली जाते.

आणि चणीने अगदीच लहान असेल तर इव्ही. पोकेमॉनमधला हा कोल्ह्यासारखा झुबकेदार जीव पुढे वेगवेगळी रूपं घेऊ शकतो, म्हणून मोठं झाल्यावर कसं दिसेल याचा अंदाज येत नसलेल्या पिल्लाला ते चपखल बसतं. माझ्या मांजराचं नाव इव्हीच. घरात तिची ‘इवी’ झाली आणि ‘इवलीशी’ या शब्दाशी ते इतकं जुळलं की ते कुठून आलं हे आता कुणी विचारतही नाही.

पिकाचूचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. त्याची गोष्ट प्रश्न ७ मध्ये आहे.

४. नाव किती मोठं असावं?

दोन अक्षरी उत्तम, तीन अक्षरी चालेल. चार अक्षरांचं नाव तुम्ही आठवड्याभरात स्वतःच तोडाल, तेव्हा ते कुठे तुटेल हे आधीच बघून ठेवा.

एकटे असताना नाव दहा वेळा मोठ्याने म्हणून बघा. मग अर्धवट झोपेत, मग धावताना, मग तोंडात घास असताना. हे गंमत म्हणून सांगत नाही. पिल्लू दारातून निसटून रस्त्याकडे धावतं तेव्हा जीभ अडखळून चालत नाही. क, ट, प असे ठसठशीत आवाज आणि शेवटी लांबवता येणारा स्वर असला की हाक लांबवर पोचते: टेऽल्स म्हणताना आवाज शेवटी सकारात विरतो, योशीऽऽ मात्र लांबवता येतं.

५. प्राण्यांना खरंच नाव कळतं, की ते नुसत्या आवाजाकडे बघतात?

कुत्र्यांबद्दल कुणालाच शंका नसते, मांजरांबद्दल सगळ्यांना असते. जपानमधल्या आत्सुको सायतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरांना आधी नावासारख्याच लांबीचे आणि लयीचे चार शब्द ऐकवले आणि मग त्यांचं नाव. त्या शब्दांना मांजरं कंटाळत गेली, पण नाव येताच अनेकांनी कान वळवले, मान हलवली. अनोळखी माणसाच्या आवाजातलं नावही त्यांनी ओळखलं. हाक मारल्यावर मांजर येत नाही म्हणजे तिला कळत नाही असं नव्हे. कळतं, यायचं की नाही ते ती ठरवते.

उंदीर आणि ससे नाव ओळखायला शिकतात, हॅमस्टरही शिकतो, पण त्याला वेळ लागतो आणि त्याची नजर कमजोर असल्याने तो आवाजाबरोबर तुमच्या हाताचा वासही धरून ठेवतो.

हाक मारताना ओरडू नका. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० आणि मांजराला सुमारे ६४,००० हर्ट्झपर्यंतचे. या जिवांचे कान आपल्याहून कितीतरी तयार असतात. हॅमस्टरसाठी तर कुजबुज पुरेशी होते.

६. नाव शिकवायचं कसं?

नाव घ्या, त्याने कान टवकारले किंवा बघितलं की त्याच क्षणी आवडीचा खाऊ द्या. एका वेळी पाच-सहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मग थांबा. हॅमस्टर असेल तर हे संध्याकाळी तो स्वतः उठल्यावर करा; झोपेतून उठवून शिकवलेलं नाव त्याला नकोसं होतं.

नाव घेऊन रागावू नका. ‘क्रॅश! काय केलंस हे!’ असं महिनाभर चाललं, की क्रॅश नाव ऐकून पलंगाखाली जाईल. रागवायचं असेल तर नुसतं ‘अं हं’ म्हणा आणि नाव चांगल्या गोष्टींसाठी राखून ठेवा. पाहुण्यांसमोर उगीच वीस वेळा नाव घेऊन ‘बघा कसा बघतो’ हेही टाळा. मागे काहीच आलं नाही की नाव झिजतं.

७. नाव आणि आज्ञा सारख्या वाटल्या तर?

हा प्रश्न लोक सगळ्यात उशिरा विचारतात आणि तो सगळ्यात आधी विचारायला हवा. नावांच्या याद्या बहुतेक इंग्रजीतून येतात, आणि त्या बनवणाऱ्याला आपण घरात काय बोलतो हे ठाऊक नसतं.

माझ्या कुत्रीचं पहिलं नाव ‘नावी’ होतं. १९९८ सालच्या झेल्डाच्या खेळात नायक लिंकच्या डोक्याभोवती भिरभिरणारी ती चिमुकली परी मला फार आवडायची आणि पिल्लूही तसंच पायात भिरभिरायचं. दीड महिन्यानंतर लक्षात आलं की ती गोंधळली आहे. चप्पल चावताना आम्ही ‘नाही!’ म्हणायचो आणि ती चप्पल सोडून, शेपूट हलवत, खाऊच्या आशेने आमच्याकडे यायची. तिच्या कानांना ‘नावी’ आणि ‘नाही’ एकच होते. आणि खरी हाक मारली की कधी कधी ती जागीच थबकायची, कान मागे पाडून. तो चेहरा अजून आठवतो. चूक तिची नव्हतीच. आम्ही नाव बदलून ‘योशी’ केलं आणि काही आठवड्यांत ती मोकळी झाली.

तेव्हा नाव ठरवण्याआधी घरात रोज उच्चारले जाणारे शब्द त्याच्या शेजारी ठेवून ऐका: नाही, नको, बस, ये, थांब, चल, जा, सोड. ‘बझ’ आणि ‘बस’ टक्कर घेतात. ‘लारा’ हे सुंदर नाव आहे, पण घरात तारा किंवा सारा असेल तर दोघीही वळतील.

आता पिकाचू. नाव गोड आहे, अर्थही गोड: ‘पिका’ म्हणजे जपानीत लखलख आणि ‘चू’ म्हणजे उंदराची चूं-चूं. पोकेमॉनच्या माहितीनुसार तो ०.४ मीटर उंच आणि ६ किलो वजनाचा, म्हणजे मापाने थेट घरातलं छोटं कुत्रंच. त्याची रचना करणाऱ्या आत्सुको निशिदा यांनी खारीच्या गालांवरून कल्पना सुचल्याचं सांगितलं आहे, तेव्हा हॅमस्टरलाही शोभावं. पण कुत्र्यासाठी मी ते सुचवत नाही. आपल्याकडे कुत्रा अंगावर सोडताना ‘छू!’ म्हणतात. मैदानात लांबून ‘पिकाऽऽचू!’ अशी हाक गेली की वाऱ्यावर फक्त शेवटचं अक्षर पोचतं आणि आसपासचे लोक दचकतात. आवडतच असेल तर पहिल्या दिवसापासून ‘पिकू’ किंवा ‘पिका’ ठेवा.

८. आजीला हे नाव म्हणताच येत नाही. काय करावं?

आजीला हवं ते म्हणू द्या. मारिओचा ‘मारुती’ होईल, टेल्सचा ‘टिल्या’, लुइजीचा ‘लुयी’. आजी दिवसभर घरात असेल, तिच्याच हातून खाऊ मिळत असेल, तर प्राणी तिने ठेवलेलं नाव आधी शिकेल. दोन नावांनी प्राणी गोंधळत नाही. प्रत्येक माणूस आपलं नाव सातत्याने वापरतो तोवर त्याला दोन्ही कळतात. गोंधळ होतो तो एकच माणूस आज ‘कर्बी’, उद्या ‘कब्या’, परवा ‘बबडू’ म्हणतो तेव्हा. निदान शिकवण्याचे पहिले दोन महिने तरी एकाच रूपाला धरून राहा. लाडाची नावं नंतर हवी तेवढी फुटू देत.

९. नर आहे की मादी हे अजून कळलं नाही. मग नाव कसं ठरवायचं?

इथे मराठी आपल्याला अडवतेही आणि सोडवतेही. ‘आला’ की ‘आली’ हे ठरवल्याशिवाय आपलं वाक्य पुढे सरकत नाही. पण आपल्याकडे ‘आलं’ही आहे. ‘पिल्लू आलं, पिल्लानं खाल्लं’ असं म्हणत आरामात महिनाभर काढता येतो आणि घाई करायचं कारण उरत नाही.

घाई करू नका म्हणण्याचं कारण आहे. लहान हॅमस्टर, गिनीपिग आणि सशांचं लिंग ओळखताना सराईत माणसंही चुकतात. बजी पोपटांत मोठेपणी चोचीवरच्या मांसल भागाच्या रंगावरून बहुधा कळतं, नरात निळसर आणि मादीत तपकिरी किंवा फिकट, पण पिल्लात ते नीट दिसत नाही.

म्हणून दोन्हीकडे चालणारी नावं घ्या: योशी, इव्ही, कर्बी, पिका. योशीला गेममध्ये पुल्लिंगी बोलतात आणि तो अंडीही घालतो, तेव्हा त्याच्या नावाला काहीच अडचण नाही. सॅमसही उत्तम. १९८६ सालच्या मेट्रॉइडमध्ये जड चिलखतातल्या त्या योद्ध्याला सगळे पुरुष समजून खेळले आणि शेवटी चिलखत उतरल्यावर आत बाई निघाली.

एक नेहमीची चूक: हिरव्या कपड्यांतल्या नायकाचं नाव म्हणून बोक्याला ‘झेल्डा’ ठेवतात. झेल्डा ही राजकन्या, नायक लिंक. बोक्याला काही फरक पडत नाही, पण गेम खेळणारा प्रत्येक पाहुणा तुमची दुरुस्ती करेल.

१०. दोन पिल्लं आहेत. जोडीची नावं ठेवावीत का?

ठेवा, पण दोन नावं कानाला वेगळी हवीत. सोनिक आणि टेल्स, मारिओ आणि योशी, लिंक आणि झेल्डा या जोड्या चांगल्या. पॅक-मॅनच्या भुतांवरून ब्लिंकी, पिंकी, इंकी अशी नावं कागदावर गोंडस दिसतात, पण एकीला हाक मारली की तिघी धावत येतात आणि कुणालाच स्वतःचं नाव कळत नाही. त्या चौघांतलं क्लाइड तेवढं वेगळं उठून दिसतं.

आणि कळकळीने सांगतो: जोडीचं नाव ठेवता यावं म्हणून दुसरा प्राणी आणू नका. सीरियन हॅमस्टर मोठेपणी एकटाच राहतो. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर ते जीव जाईपर्यंत भांडतात. गिनीपिगचं बरोबर उलटं, त्याला सोबत लागतेच. सोबत ठेवायची की नाही हे जातीवरून ठरतं.

११. खलनायकाचं नाव अशुभ किंवा वाईट ठरेल का?

प्राण्यासाठी नाही. तळहाताएवढ्या पिल्लाला मारिओच्या शत्रूचं ‘बाउझर’ हे नाव देण्यात गोडवाच आहे. विचार करायचा तो माणसांचा. भीतीदायक नावाच्या कुत्र्यापासून लोक मुलांना लांब ओढतात आणि कुत्र्याला माणसांची सवय होत नाही. लाजऱ्या किंवा भुंकणाऱ्या कुत्र्याला मऊ नाव द्या.

१२. दत्तक घेतलेल्या प्राण्याला आधीच नाव आहे. बदलता येईल का?

येतं. आम्ही नावीची योशी केली, तेव्हा दोन आठवडे दोन्ही नावं जोडून घेतली: ‘योशी-नावी’, लगेच खाऊ. मग दुसरं नाव हळूहळू गाळलं. नव्या नावात जुन्या नावाचा स्वर आला तर काम आणखी सोपं. ‘मोती’ला ‘योशी’ लवकर कळेल, ‘क्रॅश’ उशिरा.

जुन्या नावाला प्राणी आनंदाने प्रतिसाद देत असेल तर मात्र ते राहू द्या. घर, माणसं, वास, सगळं बदललेल्या जिवाकडे ओळखीचं तेवढंच उरलेलं असतं. याउलट जुनं नाव ऐकून तो अंग चोरत असेल तर पहिल्याच दिवशी बदला.

१३. पात्राचं नाव कंपनीच्या मालकीचं असतं. कायदेशीर अडचण येईल का?

घरातल्या प्राण्याला नाव ठेवण्यात काहीच अडचण नाही. व्यापारचिन्हाचा प्रश्न व्यापारात येतो. त्या पात्राचं नाव आणि चित्र छापून पट्टे, कपडे विकायला लागलात तर परवानगी लागेल.

१४. दवाखान्यात आणि पट्ट्यावर कोणतं नाव लिहावं?

जे नाव घेतल्यावर प्राणी वळतो, ते. आणि नोंदवहीत ते कसं लिहिलंय ते स्वतः डोळ्यांनी बघा. एका दवाखान्यात आमच्या योशीची नोंद ‘जोशी’ अशी झाली होती. आत नंबर आला, ‘जोशी’ अशी हाक झाली आणि कुणी जोशी आडनावाचे गृहस्थ असतील म्हणून आम्ही बसून राहिलो. नंबर पुढे गेला. पुढच्या वेळी लसीची जुनी नोंदही सापडेना. तेव्हापासून मी नाव कागदावर लिहून देतो आणि सोबत माझं आडनाव जोडतो.

पट्ट्यावर प्राण्याच्या नावापेक्षा तुमचा फोन नंबर महत्त्वाचा. कातडीखाली बसवायच्या चिपमध्ये सहसा नुसता १५ अंकी क्रमांक असतो, नाव आणि पत्ता त्या क्रमांकासमोर नोंदणीत असतो. नाव किंवा फोन बदलला की ती नोंदही बदलून घ्या, नाहीतर चिप असून उपयोग नाही.

१५. मला सोनिक आवडतो, म्हणून हेजहॉगच पाळायचा आहे. चालेल का?

हे वाचताना माझा जीव थोडा वरखाली होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. पात्रावर प्रेम असेल तर नाव घ्या, पात्रासारखा प्राणी शोधत जाऊ नका. खरा हेजहॉग निशाचर आणि एकांतप्रिय असतो, दिवसा झोपतो, घाबरला की काटे उभारून गोळा होतो. त्या गोळ्याचा अर्थ ‘मला सोडा’ असा असतो. अनेक ठिकाणी वन्यजीव कायद्याने तो पाळायला बंदी आहे. बरेचजण त्याला साळिंदर समजतात. साळिंदर हा कृंतक प्राणी, हेजहॉग वेगळ्याच गटातला.

टेल्ससाठी कोल्हा, क्रॅशसाठी बॅन्डिकूट यांनाही हेच लागू. घरच्या मांजराच्या पिल्लाला सोनिक म्हणा. संध्याकाळी ते एकाएकी घरभर सुसाट सुटेल तेव्हा नाव सार्थ होईल.

१६. बजी पोपट स्वतःचं नाव बोलेल का?

बोलू शकतो, विशेषतः नर. बजीचा आवाज बारीक आणि भरभर असतो, म्हणून ‘पिका’, ‘टिकी’, ‘पक’ असे टोकदार आवाज त्याला सोपे जातात. ‘पक’ हे दुहेरी शोभतं: पॅक-मॅनचं जपानमधलं मूळ नाव ‘पकमन’ होतं, आणि सर्वाधिक शब्द येणारा पक्षी म्हणून गिनीज बुकात गेलेल्या बजीचं नावही पक होतं. १९९४ साली तो गेला तेव्हा त्याला १,७२८ शब्द येत होते.

१७. नाव सोनिक, पण तो आता पळतच नाही. नाव चुकलं का?

नाव सोडा, आधी प्राण्याकडे बघा. हळूहळू, महिनोन्‌महिने मंदावत गेला असेल तर वय असू शकतं. हॅमस्टरचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं. दीड वर्षानंतर त्याचं चाक रात्रभर फिरत नाही आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

पण काल पळणारा आज एकाएकी गप्प बसला, तर वाट बघू नका. छोटे प्राणी आजार लपवतात आणि दिसायला लागतो तेव्हा बराच पुढे गेलेला असतो. ससा किंवा गिनीपिग अर्धा दिवस काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यांचं आतडं थांबणं जिवावर बेततं. हॅमस्टर थंडीत गारठून मेल्यासारखा निपचित पडतो, अशा वेळी त्याला टाकून देण्याची घाई नको. ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्या, मिशा हलतात का बघा, आणि डॉक्टरांना विचारा.

१८. पहिला गेला. दुसऱ्याला तेच नाव ठेवलं तर चालेल?

गेममध्ये मारिओ पडला की पुन्हा उभा राहतो, म्हणून लोकांना वाटतं की नावही पुन्हा लावावं. लहान मुलं तर हटकून तेच मागतात. मी ठेवलं नाही. आमचा पॅक-मॅन सव्वादोन वर्षांनी गेला आणि काही महिन्यांनी दुसरा हॅमस्टर आला. मुलीने पिंजऱ्यात वाकून पहिली हाक ‘पॅकू’ अशीच मारली. पिल्लाने गालात काहीच भरलं नाही. ते नळीच्या टोकाशी उभं राहून दोन पायांवर ताणलं गेलं, आजूबाजूला बघितलं आणि चाकावर चढलं. मुलगी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, ‘हा पॅकू नाहीये. हा टेल्स आहे.’